हाफ आयर्नमॅन: टायमिंग डोक्यातून काढायचं कसं?

जळगावचा_पळ्या:
गोव्याच्या हाफची तयारी चालूये भो. १.९ किमी पोहणं, ९० सायकल अन् मग २१.१ पळणं. पहिल्या दोनचं टेन्शन नाही, पण सायकलवरून उतरून मेहरूण तलावाकडे पळायला लागलं की पाय जड पडतात, घड्याळात पेस (पळायचा वेग) घसरलेला दिसतो अन् तिथूनच मन बसतं, पुढचं सगळं नुसतं रेटायचं. जो तो म्हणतो रिझल्टचा विचार सोड. सोडायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

लळिंग_घाट:
भाऊ, सोड म्हटल्यानं सुटत नाही, मनाला दुसरं काम द्यावं लागतं. मी घाट चढताना स्पीड स्क्रीनवरून काढूनच टाकतो, हार्ट रेट अन् कॅडेन्स (मिनिटाला पेडल किती फिरतं ते) तेवढं ठेवतो. पळताना फक्त पुढचं पाण्याचं टेबल. तिथे पोचलं की दोन घोट ओआरएस, डोक्यावर पाणी, टोपीत बर्फ, चला पुढचं टेबल. अन् उन्हात पेस पडतो तो तू कमी पडला म्हणून नाही रे, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामानं पाणी जातं, मग त्याच स्पीडला ठोके चढत जातात. आपल्याकडच्या मे महिन्यात जानेवारीचा पेस मागायचाच कशाला?

तापीकाठ:
वरचं पटलं, पण कटऑफ, म्हणजे संपवायची शेवटची वेळ, विसरून चालत नाही बरं का. हाफला एकूण साधारण साडेआठ तास देतात, पोहण्याचा अन् सायकलचा वेगळा असतो, तुझ्या रेसच्या गाइडमधे बघून घे. मी आदल्या रात्रीच हिशोब करतो, कुठून किती वाजता निघालंच पाहिजे ते, अन् ते लिहिलेली कागदाची पट्टी सायकलच्या दांडीला चिकटवतो. त्यावर फक्त कटऑफ, आपलं स्वप्नातलं टायमिंग लिहायचंच नाही. एकदा पट्टी लागली की रेसमधे गणित बंद, तापलेल्या डोक्यानं केलेलं गणित माणसाला घाबरवतंच.

जळगावचा_पळ्या:
हे जमेल. रविवारी पेस झाकूनच पळतो. पण पळताना पट्टी कुठे ठेवायची, सायकल तर मागेच राहणार?

तापीकाठ:
हातावर लिही, पर्मनंट मार्करनं. आधी लिही, वाळू दे, मग सनस्क्रीन लाव. क्रीमवर शाई धरत नाही.