मंदीत घरांचे भाव उतरले तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात? पुणेकरांनो, अनुभव लिहा

परवा रविवारी आमच्याकडे सगळे जेवायला होते आणि आयटीतल्या कपातीवरून विषय घरांच्या भावावर गेला. खराडीला भाड्याने राहणारा भाचा म्हणाला, "मामी, पडू देत भाव, तरच आमच्यासारख्यांना टूबीएचके मिळेल." समोर माझे दीर बसलेले. त्यांनी उंड्रीत दुसरा फ्लॅट घेतलाय आणि म्हातारपणाची सगळी भिस्त त्याच्यावर. ते काही बोलले नाहीत, पण ताकभात न घेताच उठले. दोघंही माझीच माणसं. एकाचं भलं व्हायचं तर दुसऱ्याचं नुकसान झालंच पाहिजे का, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

म्हणून हा धागा. २००८ घ्या, नोटाबंदीनंतरची दोन वर्षं घ्या, नाहीतर २०२० चा लॉकडाऊन. भाव किती टक्के पडले यावर वाद नको, ते पेपरात येतं. तुमच्या घरात काय झालं ते लिहा, आणि लिहिणं लांबलं तरी चालेल.

वाकडकर
२००८ च्या फेब्रुवारीत वाकडला बुकिंग केलं, २९०० रुपये स्क्वेअर फूट, लोन फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, आमचा क्लायंट बँकिंगमधला, डिसेंबरात प्रोजेक्ट बंद आणि मी बेंचवर, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही. बेंच काय असतो ते ज्याने काढलाय त्यालाच कळतं, रोज डबा घेऊन हिंजवडीला जायचं, रिकाम्या स्क्रीनसमोर बसायचं आणि डेस्कवरचा फोन वाजला की पोटात गोळा, कारण एचआरवाले त्याच फोनवर बोलवायचे. त्यात मार्चमधे कळलं की आमच्याच मजल्यावरचा समोरचा फ्लॅट बिल्डरने २४५० ने दिला. मी तडक बिल्डरच्या ऑफिसात जाऊन भांडलो. तिथले लोक म्हणाले, "साहेब, भाव वाढला असता तर तुम्ही जास्तीचे पैसे आणून दिले असते का?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

पण खरा राग मला भावाचा नाही, व्याजाचा आला. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ मधे रेपो रेट (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला, नवीन लोकांना ८ टक्क्यांनी लोन अशा जाहिराती लागल्या, आणि माझ्या बँकेने आम्हा जुन्या गिऱ्हाइकांचा दर जेमतेम अर्धा टक्का उतरवला. आणखी कमी हवा तर कन्व्हर्जन फी, म्हणजे नव्या दरावर जाण्याचे पैसे, भरा. म्हणजे घराची किंमत खाली आली आणि हप्ता होता तिथेच. नोकरी वाचली माझी, देवाची कृपा. समोरचे लोक आता आमचे जिवाभावाचे शेजारी आहेत, पोरं एकत्र वाढली, पण त्या साडेचारशे रुपयांचा विषय आम्ही कधी काढला नाही.

भाड्याने_बाणेर
ताई, तुमच्या भाच्याला हे नक्की वाचायला द्या. आम्ही दोघं २०१८ पासून भाव पडायची वाट बघत होतो. २०२० च्या जूनमधे बालेवाडीतला एक मालक ७० लाखांवरून ६५ ला आला, आम्ही खुशीत. तेवढ्यात माझा पगार ३० टक्के कापला. बँकेने तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या, त्यात कापलेला आकडा दिसला, आणि आधी ५५ लाखांची तोंडी हमी देणारा माणूस ३८ वर आला. भाव उतरला पाच लाखांनी आणि आमचं लोन उतरलं सतरा लाखांनी. अजून भाड्यानेच आहोत. तरीही भाव पडावेत असंच मला वाटतं, मनापासून वाटतं, कारण दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट संपलं की सामान बांधायची भीती आता सोसवत नाही.

साईट_ऑफिसवाली
मी सहा वर्षं विक्री विभागात होते, वाघोलीकडे. एक गोष्ट समजून घ्या, होर्डिंगवरचा रेट सहसा उतरत नाही. रेट खाली आणला की आधी बुकिंग केलेले चाळीस जण दुसऱ्या दिवशी दारात, आणि प्रोजेक्टला कर्जसुद्धा त्याच रेटच्या हिशोबावर घेतलेलं असतं. म्हणून फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ, पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन, जीएसटी आमच्याकडून. मंदी असते ती या यादीत. घेणाऱ्यांनी सगळ्या सवलती वजा करून कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, आकडा काढा आणि मगच बोला. २०२० मधे आम्हा अकरा जणांना एकाच दिवशी घरी बसवलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका जोडप्याला "हीच वेळ आहे" असं सांगून बुकिंग घेतलं होतं, ते मला अजून बोचतं.

धायरी_निवृत्त
८ नोव्हेंबर २०१६ च्या आधी दोन महिने मी सिंहगड रोडचा वन बीएचके विकायला काढला, मुलीच्या शिक्षणासाठी. दहा गिऱ्हाइकं यायची, प्रत्येक जण विचारायचा काका चेक किती आणि कॅश किती. मला सगळा चेकच हवा होता म्हणून जमत नव्हतं. नोटाबंदी झाली आणि त्यानंतर कोणीच आलं नाही. मे २०१७ ला महारेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारं सरकारी प्राधिकरण), जुलैला जीएसटी, लोक म्हणायचे अजून पडणार, थांबू. एकजण आला तर त्याने रेडी रेकनरपेक्षाही, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षाही, खालचा भाव सांगितला. नडलेला असल्यामुळे मी तयार झालो, पण सीए म्हणाला तसं विकलंत तरी मुद्रांक शुल्क रेकनरवरच लागणार आणि इन्कम टॅक्सही तोच आकडा धरणार, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर. त्यामुळे आमच्याकडे भाव पडला असं मी म्हणणार नाही. बाजारच बसला. शेवटी एफडी मोडली. फ्लॅट चौदा महिन्यांनी गेला, मुलीची पहिल्या दोन वर्षांची फी तोवर भरून झाली होती.

कोथरूड_२०२०
माझं घर मंदीनेच झालं, आणि ते सांगताना जीभ जड होते. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्के सूट दिली, ५८ लाखांच्या घरावर पावणेदोन लाख वाचले. विकणारे काका-काकू सत्तरीचे, मुलाचा धंदा लॉकडाऊनमधे बुडाला म्हणून घाईत होते. मी घासाघीस केली, अडीच लाख कमी केले, ते "बरं" म्हणाले. डिसेंबरात हवेलीच्या रजिस्ट्रार ऑफिसला मास्क लावून चार तास रांगेत होतो, काकूंना बसायला खुर्ची नव्हती. अंगठा, फोटो झाला आणि काकांनी एक फाईल हातात दिली. त्यात १९९३ पासूनच्या मिळकतकराच्या पावत्या वर्षाप्रमाणे लावलेल्या, प्लंबरचा नंबर, आणि एका चिठ्ठीवर लिहिलेलं, "पावसाळ्यात मागच्या बाल्कनीचं ड्रेन आठवड्यातून एकदा साफ करणे." मी अजून दर शनिवारी करते.

(धागाकर्ती: सगळ्यांचं वाचतेय. दिरांना आणि भाच्याला, दोघांनाही पाठवलाय. कोथरूडवाल्या ताई, तुमचं वाचून रडू आलं. लिहीत रहा.)

स्लायडिंगवाला_नऱ्हे
माझं मराठी टायपिंग कच्चं आहे, सांभाळून घ्या. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं वर्कशॉप आहे माझं. इथे घेणारे बोलले, विकणारे बोलले, पण इमारत थांबली की टाइल्सवाला, पेंटर, वायरमन, मी, आम्ही सगळे थांबतो, आम्हाला कोणी मोजतच नाही. २०१७ मधे एका साईटचे माझे २६ लाख अडकले. वर्षभर चकरा मारल्या. मग बिल्डर म्हणाला पैसे नाहीत, मोशीतला वन बीएचके घे, बिलात वळता करू. रेट त्याने त्याचा लावला, चालू बाजारापेक्षा जास्त, वरचे सहा लाख मीच भरायचे. नाही म्हणालो असतो तर हातात काहीच नाही. काचवाल्याला आणि सेक्शनवाल्याला (ॲल्युमिनियमच्या पट्ट्या देणारा) तर फ्लॅट चालत नाही ना, त्यांना रोख लागते. बायकोच्या नावावरची एफडी मोडून त्यांचे दिले, चार पोरं होती कामाला, दोघांना गावी जा म्हणून सांगितलं. त्यातला एक परत आला नाही, त्याच्यासारखा खिडकीच्या फटीत सिलिकॉन मारणारा हात मला पुन्हा मिळाला नाही, एका दमात भरायचा, कुठे जोड दिसायचा नाही.

आता भाव पडला की माझी मजुरी पडते. ते घर माझ्यासाठी घर नाहीच, ते माझं एका वर्षाचं काम आहे, भिंतीत अडकलेलं. चाकणला कामाला जाणारी दोन मुलं भाड्याने राहतात तिथे, चांगली मुलं आहेत. त्यातल्या एकाने गेल्या महिन्यात विचारलं, काका विकणार का. मी माझा आकडा सांगितला. तो म्हणाला अजून थोडं थांबतो, भाव उतरतील. मी म्हणालो थांब, आणि भाडं घेऊन निघालो.