बॉल ट्रॅकिंगचं मशीन हळदीच्या गोदामात लावू का ग्राउंडवर?

कृष्णाकाठचा_पिचर (सांगली): आपल्या बेसबॉल क्लबनं बॉलचा वेग, दिशा, स्पिन मोजायचं सेकंडहँड मशीन घेतलंय, रडार आणि कॅमेरा दोन्ही एकात. मार्केट यार्डाजवळ एका मेंबरचं हळदीचं गोदाम मोकळं हाय, 60 बाय 40 फूट. माझं मत, कायमचं तिथंच बसवायचं. पावसाळ्यात आपलं ग्राउंड म्हणजे काळ्या मातीचा चिखल, मग जून ते सप्टेंबर मशीन काय कपाटात ठेवायचं का?

साताऱ्याचा_कॅचर: अहो पिचिंगचं, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तिथनं होम प्लेटपर्यंतचं (बॅटरपुढची पाटी) अंतरच 60 फूट 6 इंच 😂 कॅचर काय भिंतीत बसवणार?

कृष्णाकाठचा_पिचर: कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं टाकू की, 72 फूट मिळतंय.

साताऱ्याचा_कॅचर: आणि पत्र्याचं काय? रडारच्या लहरी पत्र्यावर आपटून परत येत्यात, वर पंखा फिरत असला तर त्याचीबी पाती दिसणार रडारला. त्यात बॅटिंग करायची तर बॉल चार मीटरवर जाळीत, आणि स्क्रीनवर येणार 110 मीटर लांब! ते मोजलेलं नसतंय, पुढचा सगळा हिशोब मशीननं अंदाजानं लावलेला असतोय. आमच्याकडं वारा सुटला की उंच मारलेला बॉल कुठं जातोय ते बघायला या एकदा. अमेरिकेतले मेजर लीग बेसबॉलवाले 2020 पासून हॉक-आयचे (बॉल ट्रॅकिंगची कॅमेरा सिस्टीम) 12 कॅमेरे लावून मैदानावरच मोजत्यात की.

हळद_बेदाणा: भाऊ, ते कॅमेरे स्टेडियमला पक्के ठोकलेत, रोज संध्याकाळी पिशवीत भरून स्कूटीवरनं घरी नेत नाहीत. खरी मेख हितंच हाय. मशीन फक्त 1 अंश तिरकं बसलं तर 18.44 मीटरवर (तेच 60 फूट 6 इंच) 32 सेंटीमीटरचा फरक पडतोय आणि होम प्लेट सगळी मिळून 43 सेंटीमीटर रुंद, म्हणजे मधोमध टाकलेला बॉल तुमचं मशीन बाहेर दाखवणार आणि पोरगं उगाच बॉल टाकायची पद्धत बदलत बसणार. ग्राउंडवर ट्रायपॉड रोज नव्यानं लेव्हल कोण करतंय? पहिल्या आठवड्यात सगळे, नंतर कोण नाय.

साताऱ्याचा_कॅचर: ते मान्य. पण गोदामात एलईडी ट्यूब असतील तर कॅमेऱ्याला त्या सेकंदाला 100 वेळा मिणमिणताना दिसत्यात, स्पिन वाचताना घोटाळा होणार. आधी चांगल्या ड्रायव्हरच्या (आत वीज पुरवणारं सर्किट) न मिणमिणणाऱ्या लाईटी लावा, पंखे बंद ठेवा, मग बोला.

कृष्णाकाठचा_पिचर: पंखे बंद? एप्रिलमध्ये पत्र्याखाली? तुम्हीच या मग कॅचिंगला.

हळद_बेदाणा: पिचिंग गोदामात, बॅटिंग ग्राउंडवर करा ना बाबांनो. फक्त त्या तिरक्या लेनमध्ये हळदीची पोती आडवी येत्यात, ती कोण हलवणार ते आधी ठरवा.