नपुंसकलिंगाचं काय करायचं?

अपंग माणसांना काय म्हणावं हा विषय निघाला की 'शब्द बदलून काय होणार, दृष्टी बदलायला हवी' असं कुणीतरी म्हणतंच, ते मला अर्धंच पटतं. २०१५ साली पंतप्रधान मोदींनी 'अपंग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. मला तो जरा गोडगोडच वाटतो, पायऱ्यांऐवजी उतार बांधला तर जास्त बरं. पण नाव असण्याला किंमत असते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यात अध्ययन-अक्षमतेला (वाचन, लेखन, गणित शिकताना येणाऱ्या अडचणीला) नाव मिळालं, तेव्हा कुठे 'ढ' म्हणून सोडून दिलेली मुलं कायद्याच्या हिशेबात आली.

मला खरं खटकतं ते आपलं व्याकरण. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' या म्हणीत दळणारी बाई आहे की पुरुष? दोन्ही नाही. ते 'आंधळं' आहे, कुत्र्याच्याच लिंगात! 'त्यांच्याकडे एक पांगळं आहे' म्हटलं की चाळिशीचा मिशीवाला गृहस्थसुद्धा 'ते' होतो. लेकराला 'ते' म्हणणं हा लाड झाला; इथे मात्र माणसाचं वयच काढून घेतलं जातं.

मग वागणंही तसंच होतं. माझा एक मित्र पूर्ण अंध आहे. आम्ही बसमध्ये शेजारी बसलेलो असताना वाहकाने मला विचारलं, "ह्यांना कुठे उतरायचंय?" मित्र शांतपणे म्हणाला, "मला दिसत नाही, ऐकू येतं."

आणि हो, 'व्हीलचेअरला खिळलेला' हेही जाऊ द्या आता. माणूस हिंडतो तो त्या खुर्चीमुळेच.