मदत हवी आहे: पाणबुडी खाली नेली की बॅटरी झरझर उतरते

वऱ्हाडी_गोताखोर (धागाकर्ता)
पाणबुडीची बॅटरी टिकत नाही. वर असली की ठीक, खाली नेली की दहा मिनिटांत निम्मी. तीनदा करून पाह्यलं, तिन्ही वेळा तेच. सेल नवे टाकले, फरक शून्य. आठ वाजता आमच्या गावची लाइट जाते, त्याच्या आधी उत्तर पाहिजे. ज्याला खरंच माहीत आहे त्यानं सांगा.

बोअर_मोटर_दारव्हा
भाऊ, किती एचपीची आहे? सोलरवर चालवता का? पाणबुडी मोटरले बॅटरी कोणी लावत नाही, म्हणून विचारतो. किती फुटांवर सोडली आणि केबल किती जाडीची आहे? केबल पातळ अन् लांब असली तर खालीपर्यंत व्होल्टेज पडते, मोटर जास्त करंट ओढते अन् वायंडिंग जळते. आधी पाण्याची पातळी मोजा. मोटर कोरडी चालली तर दोन दिवसांत जाते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात अशा चार मोटरी जळाल्या.

वऱ्हाडी_गोताखोर
दादा, बोअरची मोटर नाही. परग्रहाच्या समुद्रात फिरायचा गेम आहे. सबनॉटिका.

बोअर_मोटर_दारव्हा
बरं बरं. मग राहू द्या. पण धागा वाचतो, इथं बसलोच आहे.

तुमसरचा_पाणकोंबडा
पहिला सबनॉटिका का? २०१८ चा? त्याच्या पुढच्या गेममध्ये, बिलो झिरोमध्ये, सीट्रक नावाची गाडी असते, म्हणून विचारतो. पाणबुडी म्हणजे लहान सीमॉथ की मोठी सायक्लॉप्स? खोली किती? मोड कोणता?

वऱ्हाडी_गोताखोर
पहिला. सर्व्हायव्हल. सायक्लॉप्सच, दुसरी कोणती पाणबुडी असते. खाली म्हणजे खाली, अजून काय सांगू.

तुमसरचा_पाणकोंबडा
अबे, त्या गेममध्ये सगळंच खाली आहे. उथळ केल्पचं जंगल पण खालीच अन् खोल गुहेतली लॉस्ट रिव्हर पण खालीच. आकडा सांग.

रात्रीचा_डायव्हर
क्रॅबस्क्विड नावाचं जनावर असणार, मी लिहून देतो. तो ईएमपी, म्हणजे वीज बंद पाडणारा झटका, सोडतो आणि गाडीची वीज एका झटक्यात जाते. उजेडाकडे येतो तो. बाहेरचे दिवे बंद करा, सायलेंट रनिंग लावा आणि निघा. ग्रँड रीफला माझे दोन तास याच्यात गेले होते, सीमॉथ अंधारात तशीच तरंगत राहिली.

तुमसरचा_पाणकोंबडा
क्रॅबस्क्विडनं वीज थोड्या वेळापुरती बंद पडते, मग परत येते. सेल रिकामे होत नाहीत. याचे सेल रिकामे होऊन राह्यले. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्रीचा_डायव्हर
त्याने नीट सांगितलंय का काय होतं ते? मी माझा अनुभव सांगितला.

पुसद_प्रॉन
प्रॉन सूट, म्हणजे आत बसून चालवायचा यंत्र-सूट, सायक्लॉप्सच्या आत डॉक केलेला (लावून ठेवलेला) आहे का? डॉक केलेली गाडी सायक्लॉप्सच्या विजेवर चार्ज होते. सूट अर्धा रिकामा असेल तर तिथंच तुमची वीज जाते. दुसरं, वेग कोणता ठेवता? तीन वेग आहेत. सगळ्यात वरचा लावून पळवत असाल तर इंजिन तापतं, आग लागते आणि आवाजानं सगळे जनावर गोळा होतात. सगळ्यात हळू वेगावर चालवा. आणि माझं ऐकाल तर सायक्लॉप्स वरच सोडा, प्रॉन सूट घेऊन पायी उतरा. ग्रॅपलिंग आर्म लावला की माकडासारखं कड्यावरून कड्यावर जाता येतं. मी अख्खा गेम तसाच संपवला.

वऱ्हाडी_गोताखोर
सूट आत आहे पण पूर्ण भरलेला. वेग हळूच ठेवतो. इंजिन बंद करून उभी केली तरी उतरते, हेच तर समजत नाही. सायक्लॉप्स सोडणार नाही, सगळं सामान त्याच्यात आहे.

बोअर_मोटर_दारव्हा
मले तुमच्या गेममधलं काही समजत नाही, पण एक विचारतो. बैल चारा बरोबर खाते, काम नाही, तरी वाळत जाते, तेव्हा आम्ही आधी त्याच्या कानामागं अन् शेपटीखाली पाहतो. गोचीड असते. मोटर बंद अन् बॅटरी उतरते म्हणता, तर बाहेरून काही चिकटलं तर नाही? जनावरं आहेत म्हणता ना पाण्यात.

तुमसरचा_पाणकोंबडा
काका!!!
धागाकर्ता, सुकाणूजवळून बाहेरचे कॅमेरे लाव, तिन्ही. बघ काय दिसते. अन् खोली सांग एकदाची.

वऱ्हाडी_गोताखोर
खोली ११०० च्या जवळपास. दोन नंबरचं डेप्थ मॉड्यूल आहे, १३०० पर्यंत जाते. लॉस्ट रिव्हरच्या खालून भोक आहे तिथून उतरलो, सगळीकडं काळा दगड अन् लाल उजेड. कॅमेरा लावून पाहतो, थांबा.

वऱ्हाडी_गोताखोर
बापा रे. पाच-सहा आहेत. लहान लहान, अळीसारखे, पाठीकडं चिकटून बसले. मी आत बसून सेल बदलत होतो अन् हे बाहेरून पिऊन राह्यले होते!

तुमसरचा_पाणकोंबडा
लाव्हा लार्व्हा. तू इनॅक्टिव्ह लाव्हा झोनमध्ये आहेस, हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. ते गाडीची ऊर्जाच खातात. सायक्लॉप्स असो की प्रॉन सूट, चिकटतात आणि ओढत राहतात. शील्ड जनरेटर आहे का? तो एकदा चालू केला की सगळे झडतात.

वऱ्हाडी_गोताखोर
शील्ड आहे. लावलेला आहे. मोठ्या जनावरासाठी वाचवून ठेवला होता, कारण तो पण वीज खातो.

पुसद_प्रॉन
शील्ड प्रत्येक वेळी लावला तर सेल त्यातच संपतील. सूट घेऊन बाहेर निघा आणि हातानं एकेकाला हाणा. फुकटात काम होतं.

तुमसरचा_पाणकोंबडा
सूटले पण तेच चिकटतात. अन् बाहेर त्या वेळी सी ड्रॅगन असला तर? शील्ड दोन-तीन सेकंद लाव, झडले की बंद कर. पूर्ण वेळ चालू ठेवायला कोण सांगून राह्यलं?

पुसद_प्रॉन
दोन-तीन सेकंदांनी परत येतात. मी पाहिलंय.

तुमसरचा_पाणकोंबडा
परत येतात कारण तू तिथंच उभा राहतोस. झाडले की निघायचं. आणि खरा उपाय थर्मल रिॲक्टर मॉड्यूल आहे. त्या भागात पाणी इतकं तापलेलं असते की सायक्लॉप्स उभ्या उभ्या चार्ज होते. त्याला कायनाइट नावाचं खनिज लागतं, अन् ते तिथंच खाली मिळतं. म्हणजे पहिली फेरी सेलवर करावीच लागते. जास्तीचे पॉवर सेल भरून ने. सायक्लॉप्समध्ये सहा लागतात, साधा सेल २०० चा, म्हणजे सगळे मिळून १२००. आयन पॉवर सेल बनवता आला तर एकच १००० चा असतो.

वरोऱ्याची_मासोळी
मला सीमॉथचं विचारायचं होतं. सीमॉथ सुरुवातीला २०० मीटरपर्यंतच का जाते? मी २१० ला गेले आणि फुटायला लागली.

पुसद_प्रॉन
नवीन धागा काढा ना ताई.

तुमसरचा_पाणकोंबडा
सांगू दे रे. ताई, डेप्थ मॉड्यूल लावा. पहिल्यानं ३००, दुसऱ्यानं ५००, तिसऱ्यानं ९००. फुटली तर रिपेअर टूलनं बाहेरून वेल्डिंग करता येते.

लोणार_जवळचा_मास्तर
मी हा गेम विद्यार्थ्यांमुळे शिकलो. आठवी-नववीची मुलं घरी येतात, पंधरा-पंधरा मिनिटं वाटून खेळतात. लार्व्हाबद्दल थोडं लिहितो. त्या झोनमध्ये सूर्याचा एक किरणही पोचत नाही, मग तिथल्या जीवांनी जगायचं कशावर, हा प्रश्न आपल्या पृथ्वीवरच्या समुद्रालाही आहे. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ॲल्विन या पाणबुडीतून शास्त्रज्ञ खोल तळाला गेले, तेव्हा गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जिवांची वस्तीच सापडली. तिथे सूक्ष्मजीव सूर्याऐवजी झऱ्यातल्या रसायनांतून ऊर्जा मिळवतात आणि बाकीचे त्यांच्यावर जगतात. गेममधली ती अळी याच घरातली वाटते. जिथे उष्णता आणि वीज दिसेल तिथे तोंड लावते. तुमची सायक्लॉप्स तिच्यासाठी तळावर चालत आलेला झरा आहे.

मुलांना मी सांगतो, परग्रहावरचं पाणी पाहायचं तर आपलं लोणार आहे. पाणी खारं आणि क्षारयुक्त, त्यात साधा मासा जगत नाही. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. मी तेव्हा काठावर उभा होतो. लॉस्ट रिव्हरमध्ये पाण्याच्या खाली वाहणारी ती हिरवट नदी पहिल्यांदा दिसली तेव्हा मला तोच दिवस आठवला.

वऱ्हाडी_गोताखोर
सर, छान लिहिलं. पण मोठ्या जनावराचं कोणी सांगा. सात वाजून गेले. गर्जना ऐकू येऊन राह्यली अन् दिसत काही नाही.

तुमसरचा_पाणकोंबडा
सी ड्रॅगन आहे. ११२ मीटर. एसटीच्या नऊ-दहा गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढा. रीपर हा दुसरा मोठा शिकारी पण त्याच्यासमोर निम्मा, ५५ चा. तोंडातून आगीचे गोळे फेकतो. दिवे बंद, सगळ्यात हळू वेग, सायलेंट रनिंग, अन् भिंतीला धरून चल. सायलेंट रनिंग पण वीज खातो, तो जवळ असतानाच लाव. शील्ड याच्यासाठीच थोडा राखून ठेव.

रात्रीचा_डायव्हर
मारून टाका ना. स्टॅसिस रायफलनं गोठवायचं आणि थर्मोब्लेड या तापणाऱ्या सुरीनं कापत राहायचं. मी एक रीपर असाच मारला. वेळ लागतो, पण मरतो.

वरोऱ्याची_मासोळी
कशाला मारायचं? तो त्याच्या घरात आहे.

लोणार_जवळचा_मास्तर
ताईंशी सहमत. गेममध्ये बंदुका नाहीत ही चूक नव्हे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, मुलं मेली. त्यानंतर दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी ठरवून बंदुका ठेवल्या नाहीत. स्टॅसिस रायफल फक्त थांबवते. म्हणूनच आपण त्या जिवांकडे बघायला शिकतो: कोण कधी चिडतो, कोण उजेडाला येतो, कोण आवाजाला. स्टॉकर नावाचा शिकारी मासा लोखंडाचे तुकडे तोंडात घेऊन फिरतो आणि त्याचा दात पडतो, हे मारणाऱ्याला कधीच दिसलं नसतं.

रात्रीचा_डायव्हर
सर, प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी असते. शिवाय त्या दातापासूनच इनॅमल्ड ग्लास ही मजबूत काच होते, म्हणजे आपल्यालाही काहीतरी हवंच असतं.

पुसद_प्रॉन
ड्रॅगन इतका का चिडलेला असतो माहिती आहे का? लॉस्ट रिव्हरमध्ये तुटलेली जी इमारत आहे ना, तिथं एलियन लोकांनी त्याचं अंडं

वरोऱ्याची_मासोळी
सांगू नका ना! मी अजून तिथे गेले नाही.

पुसद_प्रॉन
बरं. थांबलो.

तुमसरचा_पाणकोंबडा
धागाकर्त्या, निघायच्या आधी सेव्ह कर. हा गेम आपोआप सेव्ह करत नाही. तुझ्याकडं लाइट जाते म्हणतोस, मग दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लाव.

वऱ्हाडी_गोताखोर
मागच्या आठवड्यात दोन तासांचा खेळ गेला होता लाइटमुळं. कपाशी वेचून आलो होतो, झोप नाही केली अन् खेळलो होतो. खूप वाईट वाटलं. म्हणूनच पहिल्या पोस्टमध्ये घाईनं बोललो, कोणी मनावर घेऊ नका.

वरोऱ्याची_मासोळी
लहान बहीणभाऊ असतील तर त्यांना कडलफिश हा पाळता येणारा गोड जीव दाखवा. त्याची अंडी आख्ख्या समुद्रात पाचच आहेत, एलियन कंटेनमेंट या टाकीत ठेवली की त्यातून पिल्लं निघतात. माझी बहीण सहा वर्षांची आहे, तिला फक्त तो आणि रीफबॅक हा अवाढव्य प्राणी आवडतात. रीफबॅकच्या पाठीवर झाडं उगवलेली असतात आणि तो इतका शांत असतो की ती त्याला "आपली म्हैस" म्हणते. सीमॉथ २०० मीटरपेक्षा कमी खोलीवर ठेवून आम्ही त्याच्या बाजूबाजूनं जातो, तो आवाज काढतो आणि ही त्याला उत्तर देते.

बोअर_मोटर_दारव्हा
म्हशीच्या पाठीवर बगळा बसते तसंच का झाडं? माझा नातू आठवीत आहे. त्याले हा धागा वाचून दाखवतो.

वऱ्हाडी_गोताखोर
झालं!! शील्ड तीन सेकंद लावला, सगळे झडले, कॅमेऱ्यात पडताना दिसले. लगेच निघालो. वीज आता जशी उतरायला पाहिजे तशीच उतरून राह्यली. भिंतीजवळ थांबून सूट बाहेर काढला अन् कायनाइटचे दोन तुकडे मिळाले. ड्रॅगन दुरून गेला, त्याचं पूर्ण शेपूट जायला किती वेळ लागला विचारू नका. हात थरथरत होते पण मागं वळून पाहतच राहिलो.

काका, तुमचा गोचीड बरोबर निघाला. सेव्ह केलं. सात वाजून बावन्न.

बोअर_मोटर_दारव्हा
बरं झालं. आता परत बसायच्या आधी एकदा बाहेरून पाहून घेत जा.

पुसद_प्रॉन
कायनाइट दोनच? अजून लागेल. ड्रिल आर्म लावला आहे का? मोठे खडक त्याच्याशिवाय फुटत नाहीत.

वऱ्हाडी_गोताखोर
ड्रिल आर्म म्हणजे कोणता? त्याचे तुकडे कुठं स्कॅन होतात? लाइट गेली. फोनवरून लिहून राह्यलो. उद्या सकाळी वाचतो, लिहून ठेवा.