मदत हवी आहे: मूत्राशयातला पॅरागँग्लिओमा (अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं सोडणारी गाठ), लघवीनंतर बीपी अजून उसळतोय

रुग्ण ३६ वर्षांची. लघवी झाली की मिनिटभरात डोकेदुखी, धडधड, घाम. तेव्हाचा बीपी २१०/१२०. अधूनमधून लघवीत रक्त. सिस्टोस्कोपीत (दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी) घुमटाकडे, म्हणजे वरच्या भागात, २.५ सेंमीची गाठ, वरचं अस्तर शाबूत; पॅरागँग्लिओमाचा संशय, म्हणून बायोप्सी मुद्दाम टाळली. या संप्रेरकांपासून रक्तात बनणाऱ्या घटकांपैकी प्लाझ्मा नॉरमेटानेफ्रिन चौपट, मेटानेफ्रिन नॉर्मल. गॅलियम-६८ डोटाटेट पेटमध्ये (अशा गाठी शोधणारं स्कॅन) इतरत्र काही नाही. एसडीएचबीचा (या गाठींशी संबंधित जनुक) रिपोर्ट यायचाय.

प्राझोसिन (अल्फा-ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) १ मिग्रॅपासून वाढवत ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, आज बारावा दिवस. मीठ-पाणी भरपूर. बसून १२४/७८, उभं राहून १०४/६८. अल्फा ब्लॉक झाल्यावरच मेटोप्रोलॉल (बीटा-ब्लॉकर, नाडी मंदावणारं) २५ मिग्रॅ सुरू केलं, नाडी ७६. तरी लघवीनंतर १८०/१०० होतोच. फिनॉक्सिबेन्झामिन (जास्त काळ टिकणारा अल्फा-ब्लॉकर) इथे मिळत नाही.

गाठ स्नायूत रुजलेली, त्यामुळे टीयूआर (मूत्रमार्गातून गाठ खरवडून काढणं) नको. लॅप्रोस्कोपिक पार्शल सिस्टेक्टॉमी (गाठीसह मूत्राशयाचा भाग काढणं) ठरलीय. सिस्टोस्कोपीत मूत्राशय भरताना बीपी चढला होता, म्हणून मूत्राशय ताणला जाणं हीच मला खरी गोम वाटते.

उभं राहून बीपी आधीच उतरतोय, मग प्राझोसिन आणखी वाढवावं की अॅम्लोडिपिन (बीपीचं वेगळ्या प्रकारचं औषध) जोडावं? आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून कॅथेटर उघडा ठेवून मूत्राशय रिकामा राखल्याने भूल देताना खरंच फरक पडतो का, की कॅथेटर घालतानाच बीपी उसळण्याचा धोका जास्त?