गाडी समुद्रकाठी, प्रवास घाटातून. थंडीत काय सांभाळू?

वाडीतला_नवखा
पुण्याहून बदली होऊन गुहागरला आलोय. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडी माडाखाली, कव्हर घालून. दिवाळीनंतर रोज सकाळी कव्हर आतून ओलं असतं आणि आता दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत. शिवाय शनिवारी पहाटे कुंभार्ली घाटाने कराडला आईकडे जातो. हेळवाक-कोयनानगरच्या आसपास धुक्यात काही म्हणजे काही दिसत नाही. काय करावं?

चिपळूणचा_मिस्त्री
दादा, आधी गाडी माडाखालून काढा. गंजाचं मग बघू, एक नारळ पडला तर टप बसेल.

मग ते कव्हर काढा. पावसाळ्यात गाडी सडते असं सगळे म्हणतात, पण वरच्या पत्र्याला माझ्या मते थंडीच जास्त खाते. पाऊस निदान मीठ धुऊन नेतो. आता खारा वारा मीठ आणून बसवतो, रात्री दव ते भिजवतं आणि कव्हरखाली ते दुपारपर्यंत वाळत नाही. वर पत्र्याची शेड असावी, बाजू मोकळ्या. गाडी गोड्या पाण्याने धुवा, पण विहीर किनाऱ्याजवळ असेल तर पाणी चाखून बघा. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठच चोळणं. बॉनेट-टपापेक्षा चाकांच्या वरची पोकळी आणि गाडीची खालची बाजू धुवा. दरवाज्यांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती मातीने बुजतात. खराट्याची हीर घालून मोकळी करा. तुमचे फोड बहुतेक तिथूनच आलेत. घासून, प्रायमर मारून रंग लावून घ्या, वाट बघू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर पुसून व्हॅसलीन लावा.

घाटाचं. धुक्यात अप्पर लावू नका, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. डिपर आणि असले तर फॉग लॅम्प. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावायची खोड आपल्याकडे फार आहे. त्याने मागच्याला कळतच नाही की तुम्ही वळताय की थांबलाय. घाट चढताना काच आतून धुरकटते: एसी चालू, हवा काचेवर, बाहेरची हवा आत घ्या. सकाळी उशिरा खाली पोफळीकडे उतरताना उलट होतं. काच गार, हवा दमट, मग ती बाहेरून धुरकटते आणि तुम्ही आतून फडकं मारत बसता. तिथे वायपर मारा, एसीचा गारवा कमी करा. उतारावर न्यूट्रल अजिबात नको.

जुनी_जीप
आमच्याकडे खालून जळकं ऑइल मारतात. पैसे वाचतात, गंज धरत नाही.

चिपळूणचा_मिस्त्री
काका, जीपला चालतं म्हणा. आजच्या गाड्यांना खाली रबराचे बुश (सांध्यातल्या कड्या) आणि बूट (सांध्यावरची रबरी टोपणं) फार, ते ऑइलने फुगतात. वर आपली जांभ्याची लाल धूळ त्यावर चिकटून ओल धरून ठेवते. गॅरेजमध्ये अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, पण गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर मारलं तर गंज आत कोंडतो.

पाटणकरीण
धुक्याचं एक राहिलं. गळीत हंगाम चालू आहे. पाटण ते कराड पहाटे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, कितीतरी जणांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. ऊस बाहेर लोंबत असतो, त्यामुळे दिसते त्यापेक्षा ट्रॉली जवळ असते. आम्ही इकडचे लोकसुद्धा उजाडायच्या आत निघत नाही.

वाडीतला_नवखा
गाडी आजच हलवली, भोकंही मोकळी केली, दोन दारांतून पाणी आलं! आता सूर्य वर आल्यावर निघेन. टायरची हवा घाटाच्या माथ्यावर तपासू का?

चिपळूणचा_मिस्त्री
नाही, घरून निघताना, टायर गार असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. घाट चढल्यावर टायर तापून दाब वाढलेला दिसेल, म्हणून हवा सोडू नका.