आर्क्टिकमधील समाज बदलत्या पर्यावरणाशी कसे जुळवून घेतात?

शोधयात्री (प्रश्न)

नमस्कार. अलास्कातील न्यूटॉक या युपिक लोकांच्या गावाविषयी वाचताना एक शंका आली. निंगलिक नदी दरवर्षी काठ गिळत होती, वर्षानुवर्षे गोठलेली जमीन पायाखाली वितळत होती, आणि अखेरीस ऑक्टोबर 2019 मध्ये पहिली कुटुंबे सुमारे 15 किलोमीटरवरील मेर्टार्विक येथे राहायला गेली. त्यासाठी लागणाऱ्या जमिनीच्या अदलाबदलीला अमेरिकी काँग्रेसने मंजुरी दिली होती ती मात्र 2003 मध्ये. ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके याच प्रदेशात निभाव लावला, त्यांना एवढेसे अंतर सरकायला इतकी वर्षे का लागावीत? जुने कौशल्य लोपले, की बदलाचा वेगच आवाक्याबाहेर गेला?

ध्रुवमत्स्य

वेग हे कारण आहेच. 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आहे. तरीही न्यूटॉकचे उत्तर मला गावाच्या जागेतच दिसते. युपिक लोक ऋतुमानानुसार मुक्काम हलवीत असत. सरकारी शाळा मात्र बांधकामाचे सामान आणणारी बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) जिथवर पोहोचू शकली तिथे उभी राहिली, आणि मुलांच्या शिक्षणापायी कुटुंबेही तिथेच स्थिरावली.

रशियातील यमाल द्वीपकल्पाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला, ते पाणी गोठून कुरणांवर कठीण कवच तयार झाले, खुरांनी बर्फ उकरून खालील लायकेन (दगडफुलासारखी वनस्पती) खाणाऱ्या रेनडिअरना ते फोडता येईना, आणि सुमारे 61,000 जनावरे उपासमारीने दगावली. अशा वेळी नेनेट्स पशुपालकांचा जुना उपाय म्हणजे कळप मोकळ्या कुरणाकडे हाकणे. परंतु नैसर्गिक वायूची क्षेत्रे, रस्ते आणि पाइपलाइन यांनी वाटा अडवल्या की हे कौशल्य असूनही हात बांधले जातात. म्हणून प्रश्न कौशल्याचा कमी आणि हालचालीच्या मोकळिकीचा अधिक आहे, असे माझे मत आहे.

नदीकाठ

ध्रुवमत्स्य यांचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. कॅनडा सरकारने 1953 आणि 1955 मध्ये इनुइट या मूळनिवासी कुटुंबांना क्वेबेक प्रांतातील इनुकजुआकहून दूर उत्तरेला, ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट येथे नेऊन वसवले. तिथे कित्येक महिने सूर्य दिसत नाही आणि शिकारीची सवयीची जनावरेही वेगळी. त्याबद्दल सरकारने 2010 मध्ये माफी मागितली. स्थलांतर तेही होतेच! कोण हलतो यापेक्षा कोण ठरवतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय आजच्या गावाला वीज, दवाखाना, धावपट्टी लागते. तंबू गुंडाळावा तसे ते उचलता येत नाही, आणि तसे करावे अशी अपेक्षा बाळगणेही अन्यायाचे आहे.

शोधयात्री

दोघांचेही आभार. मग स्थानिकांचे ज्ञान निर्णयप्रक्रियेत खरोखर गणले गेले, असे एखादे उदाहरण आहे का?

सागरवेध

उत्तर अलास्कातील बोहेड देवमाशांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मोजणीत संख्या फार कमी दिसल्यामुळे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमासे शिकार) आयोगाने 1977 मध्ये तिथल्या मूळनिवासी इनुपियाट लोकांच्या शिकारीवर बंदी घातली. गणना करणारे बर्फाच्या कडेवर बसून मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजत होते. शिकाऱ्यांचे म्हणणे होते की अनेक देवमासे बर्फाखालूनच जातात आणि पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात. त्यांनी त्याच वर्षी आपला देवमासे शिकार आयोग स्थापन केला. पुढे पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी बर्फाआड जाणाऱ्यांचे आवाज टिपले आणि अंदाज वाढवावा लागला. बंदीच्या जागी कोटा आला, आणि शिकारीचे व्यवस्थापन शिकाऱ्यांच्या आयोगाकडेही आले.

कॅनडातील लॅब्राडोरच्या नेन गावातून सुरू झालेला स्मार्टआइस हा उपक्रम त्याच वाटेवरचा आहे. स्नोमोबाइलमागे ओढल्या जाणाऱ्या घसरगाडीवरील संवेदक समुद्रबर्फाची जाडी मोजतो, आणि ती गाडी कोणत्या वाटांवरून न्यायची हे स्थानिक लोकच ठरवतात. मात्र संवेदक जिथून गेला तेवढ्याच पट्ट्याची माहिती देतो. वाट सोडून सीलच्या मागे जाणारा शिकारी आजही टोकदार दांड्याने बर्फ ठोकून, तो किती आत रुततो हे पाहूनच पुढचे पाऊल टाकतो.